गोलकची रेल्वे, इतवारीची रेल्वे

'स्टार वॉर्स : व्हिजन्स' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील 'द बँडिट्स ऑफ गोलक' हा भाग मी पहिल्यांदा पाहायला बसले, तेव्हा काही मिनिटांतच तो थांबवून उठले आणि माठातले पाणी पिऊन आले. खरे तर तहान लागली नव्हती. पडद्यावर एक थोरला भाऊ धाकट्या बहिणीला घेऊन आगगाडीने गाव सोडून निघाला होता. ती दुसऱ्या कुठल्या तरी आकाशगंगेतली गाडी आहे, हे मला ठाऊक होते. तरीही ती मला भिवापूरहून नागपूरच्या इतवारी स्थानकाला येणारी आमची छोटी गाडीच वाटली, आणि पुढे काय होणार या विचाराने जीव कासावीस झाला. विसेक मिनिटांचा हा भाग त्यानंतर मी चार वेळा पाहिला. त्याविषयी लिहायचे फार दिवसांपासून मनात होते.

ही मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. 'व्हिजन्स' ही सलग कथानक असलेली मालिका नव्हे. तिचा प्रत्येक भाग स्वतंत्र लघुपट असतो. त्याची पात्रे वेगळी, चित्रशैली वेगळी आणि तो तयार करणारी संस्थाही वेगळी. २०२१च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या पहिल्या पर्वातील नऊही लघुपट जपानमधील सात संस्थांनी केले होते. त्यात एक औचित्य होते, कारण १९७७ साली पहिला 'स्टार वॉर्स' चित्रपट करताना जॉर्ज लुकास यांच्यासमोर अकिरा कुरोसावा यांचा १९५८चा 'द हिडन फोर्ट्रेस' होता. ते ऋण पहिल्या पर्वाने जपानी कलावंतांच्याच हातून फेडून घेतले. ४ मे २०२३ रोजी आलेल्या दुसऱ्या पर्वाने मात्र दारे सगळ्या जगाला उघडली. स्पेन, आयर्लंड, चिली, इंग्लंड, दक्षिण कोरिया, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका, जपान आणि भारत अशा ठिकाणच्या नऊ संस्थांनी नऊ गोष्टी सांगितल्या. भारताची गोष्ट मुंबईच्या '८८ पिक्चर्स'ने केली. मिलिंद शिंदे यांनी उभी केलेली ही संस्था आहे, आणि या भागाचे दिग्दर्शन ईशान शुक्ला यांचे आहे. शुक्लांचे नाव मला आधीपासून माहीत होते, ते त्यांच्या २०१६च्या 'शिरकोआ' या लघुपटामुळे. त्यातल्या नगरीत सगळी माणसे डोक्यावर कागदी पिशव्या घालून वावरतात, म्हणजे कोणाचा चेहरा कोणाला दिसू नये. आपल्यापाशी जे आहे ते झाकून जगावे लागणे, हा विषय या दिग्दर्शकाला जवळचा असावा असे मला वाटते, कारण गोलक या ग्रहावरची ही गोष्टही नेमकी तीच आहे.

चारुक हा वयात आलेला मुलगा आणि राणी ही त्याची लहान बहीण. जेडाय योद्ध्यांमध्ये जी अदृश्य शक्ती असते ती राणीच्या अंगात उपजत आहे, आणि आकाशगंगेवर सत्ता गाजवणाऱ्या साम्राज्याचे लोक अशाच मुलांच्या शोधात आहेत. म्हणून भावाने तिला घेऊन गाव सोडले आहे. तिला सुखरूप ठिकाणी पोहोचवायचे आणि तोवर तिला काय येते हे कोणाला कळू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. पण राणी पडली अवखळ. जे हाताला सहज येते ते न करता बसून राहायचे, हे तिच्या स्वभावातच नाही. त्यातून साम्राज्याचे सैनिक मागे लागतात, भावंडे एका ढाब्याच्या आश्रयाला जातात आणि तिथे जेडायांची शिकार करणारा इन्क्विझिटर त्यांना गाठतो. कथानक म्हणून सांगायचे तर इतकेच आहे, आणि स्टार वॉर्सच्या चाहत्यांना यात नवे काही दिसणार नाही. मला जे भिडले ते चारुकच्या भीतीचे स्वरूप. त्याला बहिणीचा अभिमान आहे आणि तिच्या त्याच गुणाची धास्तीही आहे. हुशार मुलगी घरात असली की आपल्याकडे ज्या सुरात 'हळू बोल', 'लोकांसमोर नको' म्हटले जाते, त्या सुरात दर वेळी दुष्टपणाच असतो असे नाही. पुष्कळदा त्यात निव्वळ काळजी असते आणि तीच मुलीला सर्वांत जड जाते.

१९९१च्या जून महिन्यात माझ्या दादाने मला भिवापूरहून नागपूरला आणले. तिथल्या महाल भागात मावशीकडे राहून मी आठवीपासून पुढचे शिक्षण घ्यायचे ठरले होते. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, वडील आदल्या वर्षी गेले होते आणि घरातला पैसा त्याच्याच हातून जात होता. मला तेरावे लागून गेले होते, पण अंगाने मी लहानखुरी असल्यामुळे त्याने माझे अर्धे तिकीट काढले. गाडीत बसल्याबरोबर त्याने मला बजावले, "बाई, कोनी विचारलं तं अकरा सांगजो. आन् चूप राहाजो." मी मान डोलावली. गाडीत मिरच्यांची पोती होती, त्यांच्या खाटाने सगळा डबा खोकत होता, आणि मी खिडकीतून प्रत्येक स्थानकाची पाटी मोठ्याने वाचत होते, कारण मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा मला वाचता येत होत्या आणि त्या येतात हे कोणाला तरी कळावे असे मला फार वाटत होते. उमरेडनंतर तिकीट तपासनीस आले. त्यांनी वय विचारले, मी अकरा सांगितले. मग त्यांनी कौतुकाने विचारले, "इंग्रजी पाट्या वाचून राहिली तू, कितवीत आहेस?" आणि मी ताठ बसून सांगितले, "आठवीत. वर्गात पहिली आली."

दादाने माझ्याकडे पाहिले नाही. बंडीच्या आतल्या खिशातून त्याने घडी केलेल्या नोटा काढल्या आणि उरलेले भाडे व दंड भरला. तपासनीसांचे काही चुकले नव्हते, ते सौम्यपणे बोलले आणि पावती देऊन पुढे गेले. त्या नोटांत माझ्या कंपासपेटीचे पैसे होते, हे मला इतवारीला उतरल्यावर कळले. राणीच्या हातून तिचे गुपित उघडे पडते तेव्हा मी पाणी प्यायला का उठले, ते आता वाचणाऱ्यांच्या ध्यानात येईल.

आता जरा त्या गाडीविषयी, कारण या भागात मला सर्वांत मोलाचे वाटले ते तिथेच आहे. स्टार वॉर्सचे जग पहिल्यापासून वापरलेले, मळलेले, डागडुजी केलेले जग आहे. त्याआधीच्या अंतराळपटांतली याने बहुधा इस्पितळासारखी स्वच्छ असत. लुकास यांनी मात्र ओरखडे पडलेली, तेलाचे ओघळ असलेली, धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारी याने दाखवली, आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रण करून त्या जगाला खरी धूळ दिली. 'टॅटुईन' या ग्रहाचे नावही तिथल्या एका गावावरूनच आले आहे. वापरलेल्या वस्तूंचे जग दाखवायचे म्हटल्यावर आपल्या आगगाडीच्या डब्याइतके साजेसे ठिकाण दुसरे कोणते असेल? भारतीय कलावंतांनी गोष्टीची सुरुवात रेल्वेने केली, यात त्यांनी आपला देश पाहुण्यांना सजवून दाखवला असे मला वाटत नाही. त्या जगात जे आधीपासून होते ते त्यांनी आपल्या घरात ओळखले.

भाची, म्हणजे दादाचीच मुलगी, सध्या माझ्याकडे राहून ॲनिमेशन शिकते. तिने मला हा भाग थांबवून थांबवून दाखवला आणि काय किती कठीण आहे ते समजावून सांगितले. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर वीस मिनिटांना अठ्ठावीस हजारांहून अधिक चौकटी होतात, आणि संगणकावर घडवलेल्या त्रिमितीय चित्रपटात त्या चौकटींच्याही आधी एकेक माणूस घडवावा लागतो, मग त्याच्या आत सांगाडा बसवावा लागतो, मग कपडा, मग केस आणि सर्वांत शेवटी प्रकाश. "आत्या, गर्दी सगळ्यात महाग असते," ती म्हणाली. "एक हिरो बनवणं सोपं आहे. ज्याच्याकडे कोणी पाहणार नाही, त्यालाही कपडे घालावेच लागतात ना." आपल्या देशातील कितीतरी संस्था वर्षानुवर्षे परदेशी मालिकांची अशी कामे करत आल्या आहेत: गोष्ट त्यांची, चेहरे त्यांचे, आणि रात्रंदिवस राबणारे हात आपले. इथे त्याच हातांना स्वतःच्या ओळखीची माणसे घडवायला मिळाली. साधे कपडे, रंगांची निवड आणि माणसांची बसण्याची ढब यांत तो आनंद मला स्पष्ट दिसतो.

त्या बोलण्यानंतर मी तिला मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात घेऊन गेले. २००२ साली सुरू झालेले हे संग्रहालय कडबी चौकाजवळच आहे, तरी नागपूरच्या कित्येकांनी ते आतून पाहिलेले नाही. तिथले डबे पाहिल्यावर तिला पहिल्यांदा विश्वास बसला की गाडी खरोखरच एवढी लहान होती. रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच फूट. मी तिला दोन्ही पाय फाकून उभे राहायला सांगितले आणि म्हटले, एवढ्यावर आपली माणसे शंभरेक किलोमीटर यायची. एका डब्यात शिरताना तिने डोके वाकवले. लाकडी बाकाच्या कडेवरून तिने बोट फिरवले. माणसांच्या बसण्या-उठण्याने ती कड इतकी गोल आणि गुळगुळीत झाली होती की मुद्दाम घासल्यासारखी वाटत होती. तिने त्या कडेचेच आठ-दहा फोटो काढले. नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि आमची इतवारी-नागभीड गाडी २०१९च्या नोव्हेंबरात, मार्ग रुंद करण्यासाठी. ते व्हायलाच हवे होते. पण त्या गाडीच्या चालीचा ठेका आता कुठेच ऐकू येत नाही.

ठेक्यावरून संगीताकडे येते. पहिल्यांदा हा भाग पाहिला तेव्हा नवतपा सुरू होता आणि कूलरच्या घरघरीत निम्मे ऐकूच आले नव्हते. दुसऱ्यांदा हेडफोन लावून पाहिला, तेव्हा कळले की आपण फक्त अर्धाच भाग पाहिला होता. संगीत स्नेहा खानवलकर यांचे आहे. इंदूरच्या मराठी घरातल्या या संगीतकार बाईंनी 'गँग्ज ऑफ वासेपूर'च्या वेळी बिहारपासून थेट त्रिनिदादपर्यंत जाऊन आवाज गोळा केले होते, आणि २०१२ साली एमटीव्ही वाहिनीवर त्यांचा एक कार्यक्रमच असा होता की त्या गावोगाव फिरून तिथल्या कारखान्यांचे, भांड्यांचे, कामांचे आवाज टिपायच्या आणि त्यांतून गाणे बांधायच्या. स्टार वॉर्सचे ध्वनी ज्यांनी घडवले त्या बेन बर्ट यांचीही रीत हीच होती. लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारीचा तो प्रसिद्ध गुंजारव त्यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीची घरघर आणि दूरचित्रवाणी संचाजवळ माइक नेल्यावर उमटणारी गुणगुण मिसळून केला. शत्रूच्या लढाऊ यानाच्या किंकाळीत हत्तीचा चीत्कार आहे आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज आहे. भंगारातून, रोजच्या वापरातून अद्भुत ऐकू येणे हा ज्यांचा धर्म, त्या दोन माणसांची परंपरा अशी पन्नासेक वर्षांच्या अंतराने एका ढाब्यावर येऊन मिळते, हे मला फार सुंदर वाटते. या भागात आपल्या मातीतला सूर पार्श्वभूमीला अंथरलेला नाही, तो गोष्टीच्या पावलांनी चालतो. स्टार वॉर्स चित्रपटांचे संगीतकार जॉन विल्यम्स यांच्या भव्य वाद्यवृंदाची सवय झालेल्या कानांना तो सुरुवातीला उघडा-बोडका वाटेल. त्यांनी एकदा हेडफोन लावून पाहावे.

ढाब्याचा भाग मात्र मला निम्मा पटला आणि निम्मा नाही. पटला तो रुगल या म्हातारीमुळे, जिला लिलेट दुबे यांनी आवाज दिला आहे. खाऊ घालणारी बाई आणि शस्त्र उचलणारी बाई एकच असू शकते, हे आपल्याला नवीन नाही; नागपुरात सावजी भोजनालयाच्या चुलीपुढे बसणाऱ्या आणि एका नजरेने दारुड्याला पायरीवरून परत पाठवणाऱ्या आज्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. रुगलच्या शांतपणात मला त्या दिसल्या. नीरज कबी यांच्या आवाजातला इन्क्विझिटरही जरब बसवतो, पण त्याला स्वतःचे असे मन नाही. तो येतो, धमकावतो आणि लाल पाते उपसतो. पटले नाही ते असे की जगाला भारत दाखवायचा म्हटले की ढाबा, ऊन, रेताड जमीन आणि डाकू हेच अजूनही आधी सुचते. चंबळच्या खोऱ्याची ती प्रतिमा हिंदी चित्रपटांनी घट्ट केली आहे. आमची काळी कापसाची जमीन, सावलीचे झाडीपट्टीतले रस्ते, तळ्याकाठची धानाची बांधी, संत्र्याच्या बागेतला ओला अंधार, यांतूनही एखादा ग्रह घडू शकतो. ही तक्रार एका लघुपटावर लादणे अन्यायाचे आहे, हे मी जाणते. पण दुसरी गोष्ट जेव्हा सांगितली जाईल, तेव्हा ती इकडून सांगितली जावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

शीर्षकाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. 'बँडिट्स' म्हणजे दरोडेखोर. पण हा शब्द कोणी कोणाला लावला हे मराठी वाचकाने आधी विचारायचे असते. १८३२ साली पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक इंग्रजांच्या लेखी दरोडेखोरच होते. वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोश्यांना हाताशी धरून जे बंड उभारले, तेही सरकारदप्तरी दरोडे म्हणूनच नोंदले गेले, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. साम्राज्य असलेल्या कोणत्याही गोष्टीत 'दरोडेखोर' हा शब्द आला की माझे कान टवकारतात. गोलकवर तो शब्द कोणाला शोभतो, हे ज्याने त्याने भाग पाहूनच ठरवावे.

मी विज्ञानाची शिक्षिका आहे, त्यामुळे मला कधी कधी विचारले जाते की न दिसणारी शक्ती आणि प्रकाशाच्या तलवारी असलेल्या असल्या गोष्टी मला पटतात कशा. विज्ञानकथेने कारण दिले पाहिजे, हे मी मानते. तिथे गुरुत्वाकर्षण मनमानी वागू लागले तर मी पुस्तक मिटते. पण ही विज्ञानकथा नव्हे. ही अद्भुतकथा आहे आणि तिने विज्ञानाचे कपडे घातले आहेत. लहानपणी गावात रात्रभर दंडार चालायची, तेव्हा पुठ्ठ्याच्या तलवारीला चमकी लावलेली आहे हे आम्हा पोरांना दिसत होते आणि तरीही ती तलवार उगारली की आम्ही आईच्या पदराआड जात होतो. राणी हात पुढे करते तेव्हा नेमके कोणते बल काम करते, हे मला विचारावेसे वाटत नाही. तिचा हात मागे ओढणाऱ्या भावाच्या मनात काय चालले असेल, एवढेच विचारावेसे वाटते.

शेवट सांगत नाही, कारण तो न सांगता पाहण्यासारखा आहे. माझ्या प्रवासाचा शेवट सांगते. दादाने मला महालात मावशीच्या ओट्यावर सोडले, पाणीसुद्धा न घेता संध्याकाळची गाडी धरली, आणि वाटेत घडलेल्या प्रकाराबद्दल तो त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. पुढे बत्तीस वर्षांत कधीही नाही. मीही विषय काढला नाही. कंपासपेटी पंधरा दिवसांनी गावाकडच्या एका माणसाबरोबर आली.

गेल्या हिवाळ्यात दादा मोतीबिंदूच्या तपासणीसाठी माझ्याकडे येऊन राहिला होता. डोळ्यांत औषध घातल्यामुळे पहिला दिवस त्याला काहीच धड दिसत नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचीने त्याला टीव्हीसमोर बसवले आणि हा भाग लावला. इंग्रजी संवाद ती त्याला अधूनमधून समजावून सांगत होती. तो गुडघ्यावर हात ठेवून, मान थोडी पुढे काढून पाहत होता. राणीची करामत उघडी पडून सैनिक मागे लागले, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "तिले कितीही सांगा, थे काई चूप नाही राहत." भाची हसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथून मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

थोड्या वेळाने त्याने मागे न वळताच विचारले, "मंग, या पोराले पैसे भरा लागले का वो, बाई?"